सरोगसीसाठी एजन्सी निवडताना काय बघावं? (गोवा)

बार्देशकार

पत्नी 37, मी 41. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. फायब्रॉइडमुळे पत्नीचं गर्भाशय दोन वर्षांपूर्वी काढावं लागलं, दोन्ही अंडाशय शाबूत आहेत. डॉक्टरांनी सरोगसी (दुसऱ्या स्त्रीच्या पोटात आपलं बाळ वाढवणं) सुचवली. नेटवर एक फॉर्म भरला तर तीन एजन्सींचे फोन सुरू झाले. एक मुंबईची, एक दिल्लीकडची, तिसरी म्हणते ‘गोव्यात आमचा माणूस आहे’. तिघांच्याही पॅकेजमध्ये सरोगेट (बाळ पोटात वाढवणारी स्त्री), कागदपत्रं, आयव्हीएफ (बीज शरीराबाहेर फलित करणं), बाळंतपण सगळं आलं. दोघे बाळाची हमी देतात.

विचारायचं ते असं: एजन्सी खरी की फसवी हे कसं ओळखावं? आगाऊ किती द्यावेत? आणि गोव्यातच करावं, की बेळगाव-मुंबई गाठावी?

कलम_चाळीस

तिघांचेही फोन उचलणं बंद करा. त्यांच्यातली खरी कुठली हे शोधत बसू नका, कारण सरोगेट पुरवणाऱ्या एजन्सीला आपल्या कायद्यात जागाच नाही.

सरोगसी (नियमन) कायदा 2021 हा 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे, गोव्यातही तोच. फक्त परोपकारी सरोगसीला परवानगी आहे. म्हणजे सरोगेटचा वैद्यकीय खर्च, नियमांत सांगितलेले इतर खर्च आणि तिचा विमा, एवढंच तुम्ही करायचं. त्यापलीकडे रोख, दागिना, जमीन, मुलाची फी, काहीही चालत नाही. सरोगेट मातांची यादी ठेवणं, त्या निवडून देणं, त्यासाठी दलाल किंवा मध्यस्थ वापरणं हा कलम 38 खाली गुन्हा आहे: 10 वर्षांपर्यंत कैद, 10 लाखांपर्यंत दंड. व्यावसायिक सरोगसीची जाहिरात करणं हाही त्याच कलमातला गुन्हा.

हे त्यांच्यापुरतं झालं. तुमच्यासाठी कलम 40 आहे. पैसे देऊन सरोगसी करू पाहणाऱ्या दांपत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय कायद्याने पैशाच्या सरोगसीत एक गृहीतक धरलंय: त्या बाईवर नवऱ्याने, इच्छुक दांपत्याने किंवा नातेवाइकाने जबरदस्ती केली असंच न्यायालय समजून चालतं, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. ‘आम्हाला एजन्सीने सांगितलं नाही’ हे तिथे कामाला येत नाही.

2022 पूर्वीचे लेख आणि अमेरिकेतले सल्ले वाचून गोंधळ होतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात एजन्सी सरोगेट शोधते, पैसे तिसऱ्याकडच्या एस्क्रो खात्यात राहतात, दोन्ही बाजूंचे वकील वेगळे असतात. तिथे ‘एजन्सी कशी निवडावी’ हा रास्त प्रश्न आहे, आपल्याकडे तो लागू होत नाही. इथे तुम्हाला चार गोष्टी वेगवेगळ्या निवडाव्या लागतात: नोंदणीकृत सरोगसी क्लिनिक, समुपदेशक, वकील आणि विमा. सरोगेट तुम्हीच आणायची. कायद्याचे शब्दच तसे आहेत, की राजी असलेल्या स्त्रीला घेऊन दांपत्याने सक्षम प्राधिकरणापुढे (सरोगसीसाठी नेमलेल्या सरकारी यंत्रणेपुढे) जायचं. ती जवळची नातेवाईकच हवी ही अट 2019 च्या विधेयकात होती, अंतिम कायद्यात नाही.

हमीबद्दल काय बोलावं! चांगला भ्रूण आणि गर्भाशयाचं चांगलं अस्तर असूनही ट्रान्स्फर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) फसतो. हमी देणारा पुन्हा पुन्हा सरोगेट बदलणार आहे, एवढाच तिचा अर्थ.

पेट्रीडिश

वरच्या उत्तराला पुस्ती जोडतो, क्लिनिकबद्दल.

सरकारी नोंदणीत चार प्रकार आहेत: एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) क्लिनिक लेव्हल 1, म्हणजे आययूआयपर्यंतचं (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यापर्यंतचं) काम; लेव्हल 2, म्हणजे आयव्हीएफ; एआरटी बँक, म्हणजे दात्यांची बीजं पुरवणारी; आणि सरोगसी क्लिनिक. चौथी नोंदणी वेगळी असते. उत्तम आयव्हीएफ सेंटर असलं तरी सरोगसीची नोंदणी नसेल तर ते तुमचा ट्रान्स्फर करू शकत नाही. राष्ट्रीय एआरटी व सरोगसी पोर्टलवर राज्यवार यादी दिसते, ती आधी बघा. मग क्लिनिकमध्ये गेल्यावर भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचा. ते दर्शनी जागी लावणं सक्तीचं आहे. नोंदणी 3 वर्षांची असते, त्यामुळे संपण्याची तारीख बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुमची प्रक्रिया वर्ष-दीड वर्ष चालणार, मध्येच नोंदणी संपली तर नूतनीकरण होईपर्यंत सगळं ठप्प.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आयव्हीएफची मोफत सोय आहे, ती चौकशीतून वगळू नका. फक्त तिथेही हाच प्रश्न विचारा: सरोगसीची नोंदणी आहे का, की आयव्हीएफपुरतीच?

आता विचारायचे प्रश्न. पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: एम्ब्रियोलॉजिस्ट (लॅबमध्ये भ्रूण वाढवणारा तज्ज्ञ) पूर्णवेळ आहे की बाहेरून येतो? लहान शहरांत ‘बॅच’ पद्धत चालते. आठ-दहा बायकांची पाळी गोळ्यांनी पुढेमागे करून एकाच आठवड्यात आणतात आणि मुंबई-बेंगळुरूहून एम्ब्रियोलॉजिस्ट चार-पाच दिवस येऊन जातो. ती पद्धत वाईटच असते असं नाही. पण बीज काढायची वेळ ट्रिगर इंजेक्शननंतर (बीज पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर) 34 ते 36 तासांची असते, आणि फॉलिकल (अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या) कधी तयार होतील ते विमानाचं तिकीट बघून ठरत नाही. दोन दिवस लवकर काढलं तर कच्ची बीजं जास्त, उशीर झाला तर काही आधीच फुटलेली. भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत वाढवायचे तर तेवढे दिवस लॅबमध्ये माणूस हवा. त्यामुळे ‘ब्लास्टोसिस्ट कल्चर इथेच करता का, गोठवणं कोण करतं, द्रव नायट्रोजनची पातळी कोण रोज लिहितं’ असं थेट विचारा. वहीसुद्धा दाखवायला सांगा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कितीदा जाते ते तुम्हाला माहीत आहेच, इन्क्युबेटरला यूपीएस आणि मागे जनरेटर आहे ना तेही बघा.

दुसरं, यशाचा टक्का. कुणी 60 म्हणेल, कुणी 70. भाजक विचारा. दर ट्रान्स्फरमागे की दर एग पिकअपमागे (बीज काढण्यामागे)? बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह मोजलं, की ठोके दिसलेले, की घरी नेलेलं बाळ? सरोगेटची गर्भधारणा बीजाच्या वयावर चालते, सरोगेटच्या वयावर नाही, म्हणून 37 वर्षांच्या बीजांचे आकडे मागा. दात्या (दुसऱ्या स्त्रीने दान केलेल्या) बीजांचे आकडे त्यात मिसळले की टक्का फुगतो.

तुमच्या पत्नीसाठी पहिली तपासणी एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफीवर फॉलिकलची मोजणी. गर्भाशय काढताना अंडाशयाचा काही रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, म्हणून जुने रिपोर्ट धरून चालू नका. पाळी येत नसल्यामुळे चक्र कुठे आहे ते हार्मोन आणि सोनोग्राफीवरून ठरवावं लागतं, हे त्या डॉक्टरांनी आधी केलंय का विचारा. अपेक्षा अशा ठेवा: 10 बीजं निघाली तर साधारण 8 पिकलेली, 5-6 फलित, 2-3 ब्लास्टोसिस्ट. 37-38 व्या वर्षी त्यातले साधारण निम्मे गुणसूत्रांत गडबड असलेले असू शकतात. त्यामुळे एका पिकअपमध्ये भागेलच असं नाही. खासगीत आयव्हीएफचं एक चक्र औषधांसह साधारण दीड ते अडीच लाखांत जातं. दोन चक्रांचा हिशेब आधीच मांडा.

आणि कागद होईपर्यंत थांबू नका. भ्रूण तयार करून गोठवणं आयव्हीएफच्या कायद्याखाली होतं, ते आता सुरू करता येतं. सरोगसीचे दाखले मागून येऊ देत. तुमच्याकडे कमी आहे ती बीजांची वेळ.

मात्र जिथे भ्रूण गोठवाल तिथेच पुढचंही करायचं ठरवून गोठवा. एका क्लिनिकमधून दुसरीकडे स्वतःचे भ्रूण हलवायचे तर राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. गोव्यात पिकअप आणि मुंबईत ट्रान्स्फर असा बेत बरेच जण करतात, मग टाकीपाशी येऊन अडकतात. भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात, वार्षिक भाडं पावतीवर लिहून घ्या.

बार्देशकार

दोघांचे आभार, डोळे उघडले. फोन बंद केले.

पत्नीची मावसबहीण सावंतवाडीला असते. ती स्वतःहून तयार आहे. वय 34 वर्षं 3 महिने, एक मुलगी, सिझेरियन. रक्तगट बी निगेटिव्ह. चालेल का? आणि कागदांचा क्रम कसा?

कलम_चाळीस

सरोगेटच्या अटी: लग्न झालेली किंवा कधीतरी झालं होतं अशी, स्वतःचं मूल असलेली, ट्रान्स्फरच्या दिवशी 25 ते 35 या वयातली. बीज तिचं वापरायचं नाही. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं आणि प्रयत्न जास्तीत जास्त तीन.

‘ट्रान्स्फरच्या दिवशी’ या शब्दांखाली रेघ ओढा. तुमच्याकडे नऊ महिने आहेत. पस्तीसावा वाढदिवस म्हणजे दार बंद असंच धरून चाला, वाद घालायला नंतर वेळ नसेल. प्राधिकरणाला अर्जावर निर्णय द्यायला 90 दिवस आहेत, त्याआधी वैद्यकीय मंडळ आणि न्यायालय. पहिला ट्रान्स्फर फसला तर पुढच्यासाठी दीड-दोन महिने. म्हणजे तीन प्रयत्न कागदावर असले तरी तिच्या वयात दोन बसले तरी खूप.

क्रम असा.

आधी तुमच्या वैद्यकीय कारणाचा दाखला. तो जिल्हा वैद्यकीय मंडळ देतं. त्यावर जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा त्या दर्जाचे आरोग्य अधिकारी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असतात. गर्भाशय नसणं हे नियमांतलं पहिलंच कारण आहे, त्यामुळे तुमचं प्रकरण सरळ आहे. शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज समरी, शस्त्रक्रियेची नोंद आणि काढलेल्या गर्भाशयाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट जोडा. नुसती सोनोग्राफी नेली तर परत पाठवतील. वारंवार आयव्हीएफ फसलेल्यांचं प्रकरण जास्त खोलात जाऊन बघतात, त्यांना प्रत्येक चक्राचा रिपोर्ट लागतो. कुठे अर्ज द्यायचा त्याची चौकशी कांपालच्या आरोग्य संचालनालयात करा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नव्वद दिवस त्या शिक्क्यापासून मोजायला मिळतात.

त्याबरोबर दांपत्याचं पात्रता प्रमाणपत्र: पत्नी 23 ते 50, पती 26 ते 55, हयात मूल नसावं. जन्मतः किंवा दत्तक, कुठलंही. मूल मतिमंद किंवा दिव्यांग असेल, किंवा कायमचा इलाज नसलेल्या जीवघेण्या आजाराचं असेल तर अपवाद आहे.

मग प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश. तुमचा आणि सरोगेटचा एकत्र अर्ज, बाळाचं पालकत्व आणि ताबा तुमचा असा. हाच आदेश पुढे जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो. तुमचं आणखी एक शपथपत्र लागतं: सरोगेटचा वैद्यकीय खर्च, आजार, इजा, मृत्यू यांची भरपाई तुम्ही देणार. वकील दिवाणी कामाचा नको, दंडाधिकाऱ्यापुढे नेहमी उभा राहणारा बघा. त्याने हा कायदा वाचलाय की नाही ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ‘दत्तकासारखंच असतं’ म्हणाला की उठा.

सरोगेटचा विमा, तिच्या शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला आणि तिचं पात्रता प्रमाणपत्र. हे सगळं हातात आल्यावर ट्रान्स्फर, त्याआधी एक दिवसही नाही.

अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील होतं. कारण लेखी मागा.

ती सावंतवाडीची, म्हणजे राज्य वेगळं. तिची कागदपत्रं महाराष्ट्राची आणि क्लिनिक गोव्यातलं असेल तर अर्ज कुठल्या प्राधिकरणाकडे, हे फाइल उघडण्याआधी क्लिनिककडून लेखी घ्या. बेळगावला गेलात तर तीन राज्यं होतील. एवढ्यासाठी तरी गोव्यातच करा असं माझं मत.

आल्त_पर्वरी

गोव्याची एक गोम आहे, ती वर आली नाही. इथे लग्न म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद. देवळात लग्न झालं, फोटो आहेत, आमंत्रणपत्रिका आहे, तरी रजिस्ट्रारकडे दुसरी सही राहिली असेल तर कागदावर लग्न नाही. पहिली सही करून दुसरी राहून गेलेली जोडपी आपल्याकडे कमी नाहीत. वकिलाकडे जायच्या आधी रजिस्ट्रारकडून विवाह दाखल्याची ताजी प्रत काढा.

मग नावं. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, आधारवर दुसरं, इस्पितळाच्या पेपरवर तिसरं. वडिलांचं नाव कामोतिम, मुलाचं कामत. मंडळावरचे लोक हे समजून घेतात, विमा कंपनी आणि पासपोर्ट ऑफिस घेत नाहीत. नाव-आडनाव बदलायला गोव्याचा 1990 चा वेगळा कायदा आहे, पण ते काम लांबतं. निदान एक शपथपत्र करून तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोंदवा. दंडाधिकाऱ्याच्या आदेशात मात्र बाळाच्या जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग हवं तेच घाला.

आदेशाची प्रमाणित प्रत चार-पाच नगांत काढून ठेवा. बाळंतपणासाठी सरोगेट स्वतःच्या नावाने दाखल होते, केसपेपरवर आई म्हणून तीच लिहिली जाते. इस्पितळातून पालिकेकडे किंवा पंचायतीकडे जन्माची खबर जाते ती त्याच कागदावरून. एकदा चुकीचं नाव गेलं की दुरुस्तीला महिने जातात. म्हणून सातव्या महिन्यातच आदेशाची प्रत इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात देऊन ठेवा आणि पोच घ्या. डॉक्टरांना माहीत असून भागत नाही, फॉर्म भरणारा कारकून वेगळा असतो.

रातांबा

मध्येच विचारते. नवऱ्याचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर?

कलम_चाळीस

मग तो भारतीय नागरिक राहिला नाही, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी. भारतीय वंशाच्या दांपत्यासाठी कायद्यात वाट आहे: राष्ट्रीय मंडळाकडून शिफारस प्रमाणपत्र घ्यायचं, बाकी अटी त्याच. वेळ जास्त धरा. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला फक्त जन्माची नोंद झाली आहे आणि पासपोर्ट काढलेला नाही, असं प्रकरण असेल तर अर्ज करण्याआधी नागरिकत्वाच्या वकिलाला दाखवा. अर्जात ‘भारतीय’ लिहून टाकलं आणि मागून निघालं, तर सरोगसी बाजूला राहील आणि पासपोर्टचंच प्रकरण उभं राहील.

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात राहणाऱ्यांनी तिथल्या कायद्याचाही विचार करावा. तिथे जन्माच्या वेळी सरोगेटच कायदेशीर आई असते, भारतातला आदेश आपोआप चालत नाही. पॅरेंटल ऑर्डरसाठी (पालकत्वाच्या आदेशासाठी) साधारण सहा महिन्यांत तिथल्या कोर्टात जावं लागतं.

सुईण_नव्हे_नर्स

सावंतवाडीच्या बहिणीबद्दल वैद्यकीय बाजू.

बी निगेटिव्ह असणं अडचण नाही, नोंद हवी. बाळाचा गट तुमच्या दोघांवर जाणार. तुमच्यापैकी एक जरी पॉझिटिव्ह असेल तर तिला 28 व्या आठवड्यात अँटी-डी (निगेटिव्ह गटाच्या गर्भवतीला देतात ते इंजेक्शन) आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. तिच्या पहिल्या बाळंतपणात अँटी-डी दिलं होतं का ते जुन्या कागदात शोधा, आणि इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (तिच्या रक्तात पॉझिटिव्ह गटाविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते बघणारी) ट्रान्स्फरच्या आधीच करा. ती पॉझिटिव्ह आली तर या बाईवर ट्रान्स्फर करू नका. मूल तुमचं आणि अँटिबॉडी तिची, उगाच दोघांचे हाल.

एक सिझेरियन असल्याने नाकारत नाहीत, पण टाके कसे भरलेत ते सोनोग्राफीत बघतात. जुन्या टाक्यांवर वार (प्लॅसेंटा) बसली तर प्रकरण गंभीर होतं. म्हणून जुळं नकोच. नियमही तोच सांगतो: एकावेळी एक भ्रूण, खास परिस्थितीतच तीनपर्यंत. ‘दोन घालूया, एकदाच होऊन जाईल’ असं क्लिनिक म्हणालं तर नाही म्हणा. जुळ्यात मुदतीआधी बाळंतपण, रक्तदाब, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) हे सगळं वाढतं आणि सोसते ती दुसऱ्याची बायको.

बाकी तपासण्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल, रुबेला, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस. हिमोग्लोबिन 11 च्या वर आणूनच सुरू करा, त्यात एक-दोन महिने सहज जातात आणि तेवढे तुमच्या नऊतून कमी होतात. म्हणून आजच रक्त तपासा. कागद झाल्यावर तपासू म्हणालात तर फसाल.

ट्रान्स्फरची तयारी तशी साधी असते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या, 10 ते 14 दिवसांनी अस्तर 7-8 मिलिमीटर आणि तीन रेघांचं दिसलं की प्रोजेस्टेरॉन सुरू, मग पाच दिवस पूर्ण झाल्यावर ब्लास्टोसिस्ट. दहा ते चौदा दिवसांनी बीटा. औषधं 10-12 आठवड्यांपर्यंत चालतात. इथेच घोळ होतो: बीटा पॉझिटिव्ह आलं की गावातला डॉक्टर ‘एवढे हार्मोन कशाला’ म्हणून बंद करतो. तिचं शरीर त्या चक्रात स्वतःचं प्रोजेस्टेरॉन करत नसतं, बंद केलं की गर्भ पडतो. क्लिनिकची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये हवी आणि दोन आठवड्यांचा साठा घरात. गणपतीत औषधाची दुकानं बंद असतात हे विसरू नका.

बाळंतपण कुठे हेही आत्ताच ठरवा. सिंधुदुर्गातले रुग्ण शेवटी बांबोळीलाच येतात, मग रात्री दोन वाजता कशाला? आठव्या महिन्यापासून तिने, तिच्या मुलीसकट, इस्पितळाच्या जवळ राहावं. मुलीची शाळा बुडणार, ते कसं सांभाळायचं ते आताच बोला. शेवटच्या महिन्यात या गोष्टीवरूनच कुरबुरी होतात.

विमाविमा

विम्याचं दोन ओळींत आलंय, पण फाइल बहुतेक इथेच अडते.

36 महिन्यांचं कवच हवं, सरोगेटच्या नावावर, आयआरडीएआयची (विमा नियामकाची) मान्यता असलेल्या कंपनीकडून. गर्भारपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या सगळ्या गुंतागुंतींना पुरेल एवढ्या रकमेचं. तुमच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (कुटुंबाच्या एकत्र विम्यात) तिला घालता येत नाही, ती तुमच्या कुटुंबात येत नाही. तिच्या नवऱ्याच्या कंपनीचा ग्रुप विमाही चालत नाही, त्याची नोकरी सुटली की तो संपला.

साध्या आरोग्य विम्यात बाळंतपणाला प्रतीक्षा काळ असतो, नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत. एजंट म्हणेल ‘छत्तीस महिन्यांची पॉलिसी देतो’, आणि त्यातले पहिले चोवीस महिने बाळंतपण वगळलेलं असेल. पॉलिसीचे शब्द मागा, माहितीपत्रक नव्हे. त्यात सरोगेट हा शब्द आहे का, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सरोगसी आहे का, हे दोन शोधा. बऱ्याच जुन्या पॉलिसींत सरोगसी वगळलेलीच असते. तीन वर्षांचा हप्ता एकदम भरा. दर वर्षी नूतनीकरणाची पॉलिसी असेल तर प्राधिकरण ‘पुढच्या दोन वर्षांचं काय’ विचारतं, आणि बरोबरच विचारतं.

नवजात बाळाचा एनआयसीयूचा खर्च या विम्यात येत नाही. तो वेगळा बाजूला ठेवा.

बार्देशकार

छान माहिती. शेवटचा एक. बहिणीचं वय आड आलं तर आमच्याकडे घरकामाला येणारी बाई ‘मी करते’ म्हणाली आहे. तिला दोन मुलं आहेत.

सुईण_नव्हे_नर्स

नको. तिचा पगार तुमच्या हातात आहे, ती नाही कसं म्हणणार?

कलम_चाळीस

कायदा ‘राजी असलेली स्त्री’ म्हणतो, त्यात कामवाली बसत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. पण मी वर सांगितलेलं गृहीतक आठवा. तिच्या पगारात त्या वर्षी केलेली वाढ, दिवाळीची साडी, उचल दिलेले पाच हजार, सगळं मोबदला म्हणून दिसेल. समुपदेशकही हेच विचारणार.

बहीण असो की दुसरी कुणी, तिच्याशी पहिली बैठक तुम्ही दोघं नसताना समुपदेशकाने घ्यावी. तिचा नवरा पहिल्या दिवसापासून बसवा. संमतीपत्र तिला समजणाऱ्या भाषेत हवं, ही अट कायद्याची आहे. मराठीत करून घ्या, इंग्रजी मसुद्यावर अंगठा-सही नको. त्यात तीन गोष्टी ती स्वतः वाचून दाखवेल असं बघा: भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या आधी कधीही तिला माघार घेता येते, गर्भपाताचा निर्णय तिच्या लेखी संमतीशिवाय आणि प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय होत नाही, बाळात काही दोष निघाला तरी तुम्ही बाळ नाकारू शकत नाही. तिसरी तुमच्यासाठी आहे, पण तिला माहीत असलेली बरी.

पेट्रीडिश

एक राहिलं. तुमच्या बीजांतून चांगला भ्रूण झालाच नाही तर दाती बीज चालतं का, हे कुणीतरी विचारेलच. 2023 च्या मार्चमध्ये ते बंद केलं होतं. 21 फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने पुन्हा उघडलं, पण जिल्हा वैद्यकीय मंडळाने तशी गरज असल्याचा दाखला दिला तरच, आणि दोघांपैकी एकाचं बीज असलंच पाहिजे. विधवा किंवा घटस्फोटित स्त्री एकटी करत असेल तर बीज तिचंच लागतं. दाती नोंदणीकृत बँकेतून येते, 23 ते 35 वयाची, आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त 7 बीजं. म्हणून मंडळापुढे जाताना पत्नीचा एएमएच रिपोर्ट बरोबर ठेवा. कमी असेल तर दोन्ही दाखल्यांसाठी एकाच खेपेत अर्ज होतो.

आणि पत्नी नोकरी करत असेल तर रजेची चौकशी आता करा. खासगीत सरोगसीने आई झालेलीला बाळ हाती आल्यापासून 12 आठवडे मिळतात, पण व्याख्येत ‘स्वतःचं बीज वापरलेली’ असा शब्द आहे. दाती बीज घेतलं तर एचआरशी आधी बोलावं लागेल. केंद्र सरकारच्या नोकरीत 2024 पासून 180 दिवस आहेत.

बार्देशकार

सोमवारी म्हापशाला एएमएच आणि बहिणीची कूम्ब्स टेस्ट. रजिस्ट्रारकडे विवाह दाखल्याचा अर्ज आजच टाकतो. देव बरें करूं.